रंग उडतो, सुटतो, लागतो, विटतो

कापडाच्या दुकानात साडी हातात घेतल्यावर विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : रंग जाईल का? मराठीत मात्र रंग एकाच वाटेने जात नाही. उन्हात वाळत घातलेल्या चादरीचा रंग उडतो, बादलीत भिजवलेल्या नव्या परकराचा सुटतो, कोऱ्या जीनचा पांढऱ्या सदऱ्याला लागतो आणि ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या शालूचा विटतो. घरातल्या बायकांनी ही क्रियापदे नेमकी वापरली आहेत. वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळेतही पहिल्या तीन तऱ्हांसाठी तीन वेगळ्या चाचण्या असतात. उडणारा रंग तपासायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या नमुन्याशेजारी प्रखर उजेडात ठेवतात. पहिली पट्टी सर्वांत लवकर फिकी पडते आणि पुढची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा सुमारे दुप्पट टिकते. सुटणारा रंग करड्या छटांच्या मापाशी ताडून १ ते ५ असे गुण दिले जातात. लागणारा रंग पाहायचा तर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ठरावीक दाबाने दहा वेळा घासतात, एकदा कोरडा आणि एकदा ओला. एका परीक्षेत पहिला आलेला रंग दुसरीत सपशेल नापास होऊ शकतो. म्हणून 'पक्का रंग' या शब्दाला एकच एक अर्थ नाही. कापड आणि चामडे यांच्या रंगात, पदार्थात आणि फिनिशमध्ये गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत झालेले बहुतेक शोध पाहिले, तर प्रत्येकाने एक पक्केपणा मिळवला आणि त्याची किंमत कुठे तरी दुसरीकडे मोजली, असे दिसते.

रंग टिकतो की जातो, हे रंगाइतकेच धाग्यावरही अवलंबून असते. रेशीम, लोकर आणि चामडे ही तिन्ही प्रथिने आहेत. आम्लाच्या पाण्यात प्रथिनांवर धन विद्युत्भार येतो. रंगाचे कण ऋणभारित असले की ते आपणहून ओढले जातात. त्यामुळे रेशीम रंगवणे तुलनेने सोपे. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याचा स्वभाव उलटा. पाण्यात बुडाल्यावर त्याच्यावर किंचित ऋणभार येतो आणि तो ऋणभारित रंगाला दूर लोटतो. गरीब माणसाचे कापड सुती, आणि तेच रंगवायला सर्वांत अवघड.

ही अडचण भारतीय रंगाऱ्यांनी रसायनशास्त्र जन्माला येण्याच्या फार आधी सोडवली होती. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या वर्गातल्या तांबड्या रंगात रंगवलेला होता. पद्धत अशी : कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, मग तुरटीच्या, आणि शेवटी मंजिष्ठ किंवा आलाच्या मुळांच्या काढ्यात उकळायचे. कापसाला हिरड्यातले टॅनिन धरते, टॅनिनला तुरटीतले ॲल्युमिनियम धरते आणि ॲल्युमिनियमला रंग धरतो. मधल्या कडीला रंगबंधक म्हणतात. तुरटीच्या जागी लोखंडाचे पाणी वापरले की त्याच काढ्यातून तांबड्याऐवजी जांभळट काळा रंग निघतो. म्हणजे कापडावर दोन ठिकाणी दोन रंगबंधक ठशाने उमटवले तर एकाच कढईतून दोन रंगांची नक्षी बाहेर येते. युरोपला सतराव्या शतकात भारतीय छिटांचे वेड लागले, ते नक्षीइतकेच ती धुऊन जात नाही या गोष्टीचे होते. हिरडा इथे लक्षात ठेवायला हवा, कारण चामड्याच्या गोष्टीत तो दोनदा परत येणार आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे आजही बाळहिरडा गोळा करतात. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरडा परदेशी जाई, तो औषधासाठी कमी आणि कातडी कमावण्यासाठी जास्त.

निळीची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिला आधी प्राणवायूविना आंबवून किंवा रसायनाने क्षपण करून पिवळट हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. त्या रूपात ती धाग्यात शिरते. कापड रांजणातून वर काढले की हवेतला प्राणवायू लागून डोळ्यांदेखत हिरवे निळे होते आणि रंग पुन्हा अविद्राव्य होऊन आत अडकतो. धाग्याशी त्याचे रासायनिक नाते जवळजवळ जडत नाही. तो तिथे नुसता कोंडला जातो. शिवाय तो सुताच्या बाहेरच्या थरातच राहतो. काकडी बाहेरून हिरवी आणि आतून पांढरी असते, तसे निळीचे सूत. घासले की साल जाते आणि गर दिसतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हा दोष होता. पुढे त्याच दोषावर एक अवाढव्य उद्योग उभा राहिला, त्याबद्दल नंतर.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरापासून क्विनीन बनवण्याच्या प्रयत्नात जांभळा रंग मिळवला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यापेक्षा मोठा धक्का १८६८ चा होता. ग्रेब आणि लीबरमान यांनी मंजिष्ठातले मूळ रंगद्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. आधीचे कृत्रिम रंग नवे होते, हा मात्र शेतातल्या रंगाचा हुबेहूब जुळा होता. काही वर्षांतच फ्रान्समधली मंजिष्ठाची शेते ओस पडली. निळीची रचना आडोल्फ फॉन बायरने १८८३ पर्यंत उलगडली आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. बिहारच्या निळीच्या मळ्यांची पुढची कहाणी चंपारणमुळे इतिहासाच्या पुस्तकात आहे. ज्या शेतकऱ्यांच्या माथी ते पीक मारले जात होते, त्यांच्या वतीने १९१७ साली गांधीजी तिथे उभे राहिले, तेव्हा त्या पिकाचा बाजार रसायनांनी आधीच अर्धामुर्धा मोडला होता.

हे सगळे रंग नवे असले तरी धाग्याला धरून ठेवण्याच्या युक्त्या जुन्याच होत्या. खरी नवी युक्ती पर्किननंतर शंभर वर्षांनी निघाली. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतले रॅटी आणि स्टीफन यांनी कापसाशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग शोधले आणि १९५६ मध्ये ते 'प्रोसियन' नावाने विक्रीला आले. रंगाचा रेणू आणि सेल्युलोजचा रेणू यांचा इथे एकच रेणू होतो. सुती कापड सहजपणे एकाच वेळी चकचकीत रंगाचे आणि धुण्याला टिकणारे झाले. आजचा टी-शर्ट बहुधा याच कुळातल्या रंगाचा असतो.

त्याची किंमत पाण्याने मोजली. रंग कापसाकडे जावा म्हणून कढईत दर लिटरला पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ घालावे लागते. बंध जुळण्यासाठी सोडा घातला की रंगाचा काही भाग कापसाऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि निकामी होतो. हा निकामी रंग धुऊन काढावाच लागतो, नाहीतर तो घरी बादलीत सुटतो. म्हणजे ग्राहकाच्या बादलीत सुटायचा रंग कारखान्याच्या गटारात आधीच सोडून दिलेला असतो. तमिळनाडूत तिरुप्पूरजवळ नोय्यल नदीची शेती या खारट पाण्याने नासली आणि मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. मीठ टाळण्याचा एक उपाय म्हणजे रंगापूर्वी कापसावरच धनभार चढवणे, त्याला रेशमाचा स्वभाव देणे. उपाय चालतो, पण रंग सर्वत्र सारखा बसवणे कठीण जाते. रंगारी ज्याला 'पॅच' म्हणून ओळखतात, ते डाग पडतात.

पॉलिएस्टरचे कोडे निराळे. त्याच्या धाग्याला रंगाने पकडावे असे काहीच नसते. त्यामुळे दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सियसला तापवून धागा सैल करायचा आणि बारीक भुकटीच्या रूपातला रंग आत शिरवायचा, अशी ती रीत. नेदरलँड्समधल्या डायकू या कंपनीने पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडमध्ये हे काम करणारी यंत्रे बनवली. ३१ अंशांवर आणि सुमारे ७३ वातावरणांच्या दाबापलीकडे हा वायू ना धड वायू राहतो ना द्रव, आणि रंग विरघळवतो. काम संपल्यावर दाब कमी केला की कापड कोरडेच बाहेर येते. यंत्र महाग आहे आणि कापसाला ते उपयोगाचे नाही. त्याहून साधी वाट म्हणजे धागा काढण्यापूर्वीच वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये रंगद्रव्य मिसळणे. मघाच्या काकडीऐवजी हे गाजर झाले, कुठेही कापले तरी रंग तोच. छत्र्या, ताडपत्र्या, मोटारींच्या बैठकी यांना हीच रीत योग्य. मात्र रंग सहा महिने आधी ठरवावा लागतो आणि टनांनी घ्यावा लागतो. फॅशनच्या व्यापाराला तेवढा धीर नसतो.

फिनिश हे रंगानंतर चढवायचे काहीतरी, अशी समजूत आहे. ती निम्मीच खरी. लँकेशरच्या जॉन मर्सरने १८४४ च्या सुमारास कापड कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिले आणि १८५० मध्ये पेटंट घेतले. कापसाचा चपटा, पीळ पडलेला तंतू फुगून गोल झाला आणि रंग जास्त पिऊ लागला, पण कापड इतके आटले की गिरणीवाल्यांनी त्याकडे पाठ फिरवली. १८९० च्या आसपास होरेस लो याने तेच काम कापड ताणून धरून केले. आटणे थांबले आणि कोणी न मागितलेली रेशमी चकाकी मिळाली, कारण गोल तंतू उजेड एकसारखा परत पाठवतो. मर्सराइज्ड कापड तेवढ्याच रंगात जास्त गडद दिसते. इथे फिनिशनेच रंग बदलला. पैठणी विणणारे हे वेगळ्या वाटेने साधतात. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, की पदर हलला तशी छटा हलते. ही धूपछाव कोणत्याही कढईत मिळत नाही.

चामड्याला कापडाहून एक पायरी जास्त आहे. ते आधी कमवावे लागते. कमावणे हा शब्द मराठीत पैशाला, शरीराला आणि कातड्याला सारखाच लागतो, आणि कातड्याच्या बाबतीत तो सर्वांत चपखल आहे. कच्चे कातडे ओले राहिले तर सडते आणि वाळले तर पत्र्यासारखे कडक होते. त्यातल्या कोलॅजेनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या की ते चामडे होते. कोल्हापूर आणि लगतच्या कर्नाटकात ढोर समाजाच्या कारागिरांची रीत अशी : चुन्याच्या पाण्यात केस सोडवायचे, कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचे पाणी भरायचे. पाणी झिरपून खाली येते, ते पुन्हा वर ओतायचे. असे काही आठवडे. बाभूळ आणि हिरड्याच्या टॅनिनने कमावलेले हे चामडे घट्ट, घाम पिणारे आणि तपकिरी होते. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने याच घडणीच्या चपला दाखवल्या तेव्हा गदारोळ झाला. तो सगळा श्रेय आणि आकार यांभोवती फिरला. चपलेचा अर्धा गुण कमावण्यात आहे, ही गोष्ट बाजूलाच राहिली. गिऱ्हाईक नवी जोडी पायात घालून चार पावले टाकते आणि करकर वाजते का ते ऐकते, तेव्हा ते फिनिशच तपासत असते, फक्त कानाने.

क्रोमने हे सगळे बदलले. फ्रीडरिख क्नाप याने १८५८ मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे नोंदवले होते. धंद्याला उपयोगी पद्धत १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने काढली आणि तिचे निमित्त गमतीचे होते. बायकांच्या कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्यांवर तुरटीने कमावलेले चामडे चढवत आणि त्यातल्या क्षाराने पट्ट्या गंजत. न गंजवणारे चामडे हवे होते. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने शुल्ट्झचे दोन हौदांचे काम एकावर आणले आणि आठवड्यांचे काम एखाद्या दिवसावर आले. कच्चे कातडे ६०-६५ अंशांच्या पाण्यात आक्रसते, सालीने कमावलेले ७०-८५ अंशांपर्यंत तग धरते, आणि चांगले क्रोम चामडे उकळत्या पाण्यातही टिकते. आज जगातले बहुतांश चामडे क्रोमचे आहे.

रंगाच्या दृष्टीने क्रोमचा खरा चमत्कार त्याच्या पायाच्या रंगात आहे. सालीचे चामडे मुळातच तपकिरी, त्यामुळे त्यावर लाल चढवला तर विटकरी होतो आणि निळा चढवला तर काळपट. कोल्हापुरी चपलांमध्ये तपकिरी, पिवळसर आणि तांबडा यांचे राज्य आहे, त्यामागे आवडीइतकेच हे कारण आहे. क्रोमने कमावलेले ओले चामडे फिकट निळसर असते. बाजारात त्याचे नावच 'वेट ब्ल्यू'. त्यावर गुलाबी, पोपटी, पांढरासुद्धा बसतो. शिवाय क्रोम चामड्यावर धनभार असतो आणि ऋणभारित रंग ते झटकन पकडते. इतक्या झटकन की रंग पृष्ठभागावरच अडकतो, आत जात नाही, आणि बुटाला ओरखडा पडला की निळसर गाभा दिसतो. म्हणून रंगापूर्वी चामडे थोडे शांत करावे लागते, त्याचे आम्ल मारावे लागते.

रंगानंतरचे थर हा चामड्याच्या व्यापारातला सर्वांत अपारदर्शक भाग आहे. उत्तम कातड्याला केवळ विरघळणारा रंग देतात. त्याची छिद्रे, सुरकुत्या, डासाचे व्रणही दिसत राहतात. याला ॲनिलिन चामडे म्हणतात, ते महाग असते आणि पाण्याच्या थेंबाने डागळते. काटेरी कुंपणाने ओरबाडलेले, गोचिडांनी चावलेले कातडे घासून गुळगुळीत करतात, त्यावर केसिन, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनमधल्या रंगद्रव्याचा थर देतात आणि तापलेल्या पत्र्याने 'नैसर्गिक' छिद्रांचा ठसा उमटवतात. युरोपीय मानकानुसार वरचा थर ०.१५ मिलिमीटरपर्यंत असेल तरच ते नुसते 'चामडे', त्याहून जाड असेल तर 'लेपित चामडे'. सोफ्याच्या दुकानात ही मोजपट्टी कोणी काढत नाही. चकचकीत पेटंट चामडे याच घराण्यातले. अमेरिकेतल्या नेवार्कमध्ये सेथ बॉयडनने १८१९ च्या सुमारास जवसाच्या तेलाच्या लाखेचे थर देऊन ते बनवले. आज ते काम पॉलियुरेथेन करते.

थरच जर सगळे दिसणे ठरवत असेल, तर खाली कातडे कशाला, हा प्रश्न ओघानेच आला. मँचेस्टरजवळ हाइड इथे सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन 'रेक्झिन' बनू लागले आणि मराठीत तो शब्द सगळ्याच नकली चामड्याचा झाला. अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने १९६४ मध्ये 'कॉरफॅम' आणले. ते पाणी न शोषणारे, पॉलिश न मागणारे आणि रंगाने पक्के होते. १९७१ मध्ये कंपनीने हात टेकले. चामड्याचा बूट पायाच्या आकाराला येतो, कॉरफॅमचा बूट पहिल्या दिवशी जसा असे तसाच शेवटपर्यंत राही. पक्केपणाच नडला. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी दुसरी बाजू धरली. त्यांनी चामड्याच्या वरच्या थराची नक्कल सोडली आणि आतल्या तंतूंची केली. केसाहून कितीतरी बारीक पॉलिएस्टर तंतूंची जाळी बनवून १९७० मध्ये स्वेडसारखे कापड सिद्ध झाले. तेच इटलीत 'अल्कांतारा' या नावाने मोटारींच्या आत पोचले. अलीकडची अननसाची, निवडुंगाची, बुरशीची 'चामडी' मोठ्या आवाजात आली. त्यांपैकी बऱ्याचशांत वनस्पतीचा भाग भरीला असतो आणि टिकाऊपणा पॉलियुरेथेनच देते. बुरशीच्या 'मायलो'चे उत्पादन २०२३ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी थांबवले.

क्रोमचे दुखणे चामड्यातल्या क्रोमचे रूप बदलण्यात आहे. कमावण्यात वापरतात ते तीन संयुजेचे क्रोमियम फारसे घातक नाही. पण अयोग्य तेले, उष्णता आणि आम्ल मारताना जास्त झालेली अल्कली यांमुळे त्याचा अंश सहा संयुजेच्या, त्वचेला बाधणाऱ्या आणि कर्करोगकारक रूपात जाऊ शकतो. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम केली. एक साधा उपाय असा की क्रोमनंतर थोडे वनस्पती टॅनिन द्यायचे. ते ऑक्सिडीकरण रोखते. त्यासाठी हिरडाही चालतो. रंगांच्या बाबतीतही असेच झाले. काही ॲझो रंग फुटून बेंझिडीनसारखी कर्करोगकारक अमाइन द्रव्ये सोडतात. १९९४ मध्ये जर्मनीने त्यांवर बंदी घातली आणि भारतानेही त्याच दशकात ११२ रंगांवर. धुण्याने न सुटणारा रंग घामाने आणि जिवाणूंनी फुटू शकतो, ही परीक्षा तोवर कोणी घेतलीच नव्हती.

आता निळीकडे. मुंबईतल्या डोंगरीच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडावरून इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द गेला. अमेरिकेत २० मे १८७३ रोजी जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना पँटच्या खिशांवर तांब्याचे रिवेट मारण्याचे पेटंट मिळाले. कामगारांचा हा कपडा वापराने गुडघ्यावर, खिशावर पांढरा पडे. काही पिढ्यांनंतर श्रीमंत मुलांना तोच पांढरेपणा विकत हवा झाला आणि फिनिशिंगच्या धंद्याने कच्चेपणा बनवायला घेतला. आधी ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड घालून कपडे यंत्रात घुसळले, मग सेल्युलोज खाणारी विकरे आली. गुडघ्यावर नेमका पांढरा पट्टा पाडण्यासाठी वाळूचा फवारा मारत. त्या धुळीने तुर्कस्तानात तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला आणि तिथे २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी आली. जो दोष घालवण्यासाठी शेकडो वर्षे खर्ची पडली, तो कृत्रिमपणे आणताना माणसांची फुप्फुसे गेली. आता हे काम बऱ्याच ठिकाणी लेसरची शलाका करते. ती वरचा निळा थर जाळते, खालच्या पांढऱ्या सुताला फारशी इजा करत नाही. काकडीची साल यंत्र सोलते.

पाणी झटकणाऱ्या फिनिशची कथा थोडक्यात सांगता येते. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानाच्या मेणचट पृष्ठावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात. कापडावर तेच साधायला फ्लोरिनयुक्त संयुगे वापरली गेली. पाणी तर ठरले नाहीच, तेलही ठरेना. ही संयुगे निसर्गात विघटित होत नाहीत. २०२५ पासून कॅलिफोर्नियात आणि २०२६ पासून फ्रान्समध्ये कपड्यांत त्यांच्यावर बंदी आली. मेण आणि सिलिकोन पाणी झटकतात, पण तेलाच्या डागापुढे हरतात.

एकाच वस्तूत कापड, चामडे आणि प्लास्टिक एकत्र आले की नवी अडचण उभी राहते. मोटारीच्या आत बैठकीचे चामडे, दाराचे कापड आणि सुकाणूचे आवरण सारखेच करडे दिसायला हवेत, आणि तिन्हींचे रंग वेगळ्या कुळातले. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात वेगळा दिसतो, म्हणून बायका साडी घेऊन दुकानाच्या दाराशी येतात. कारखान्यात त्यासाठी दिवसाचा आणि घरगुती दिव्याचा उजेड पाडणारी पेटी असते आणि रंगातला फरक १९७६ मध्ये ठरलेल्या सीआयई-लॅब या मापनात आकड्याने सांगतात. उजेड बदलला की जुळलेले रंग फारकत घेतात, कारण डोळ्याला सारखा भासणारा रंग वेगवेगळ्या तरंगलांबींच्या मिश्रणातून बनलेला असतो. शिवाय चकाकते चामडे आणि खरखरीत कापड यांवर तोच आकडा आला तरी डोळा फसत नाही. इथे डिझाइनर आकडा बाजूला ठेवतो, दोन्ही तुकडे खिडकीशी धरतो आणि चामड्याला मॅट फिनिश द्यायला सांगतो.

सध्या सर्वांत जास्त काम उलट दिशेने चालू आहे : वापर संपल्यावर रंग काढून कसा घ्यायचा. कापूस आणि पॉलिएस्टर मिसळलेले, बंधाने जोडलेल्या रंगाचे कापड पुन्हा धाग्यात आणणे कठीण जाते. क्रोम चामडे जाळले तर राखेत क्रोमियम उरते. पॉलियुरेथेनचा थर चामड्यापासून सोलून निघत नाही. प्रोसियनच्या कुळातला रंग काढायचा तर तो मोडूनच काढावा लागतो. निळीला मात्र जुनी वाट आहे. जुन्या जीन क्षपणाच्या द्रवात बुडवल्या की रंग पुन्हा पिवळट हिरवा होऊन सुतातून बाहेर येतो, आणि त्या पाण्याला हवा लागली की तळाशी पुन्हा नीळ बसते.